चौगले डॉक्टरांचे पहिले दहा

परवा जावयाच्या मोबाईलवर एक यादी उघडी होती. मेटल नावाच्या संगीतातले आजवरचे सर्वात चांगले अल्बम, कुणा परदेशी माणसानं क्रमवार लावलेले. मी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "यात गाभण म्हैस कितव्या नंबरला आहे?"

जावई सभ्य माणूस. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुलीकडे. तिचं लहानपण त्या म्हशीच्या शेजारीच गेलेलं, त्यामुळे तिला हसू आवरेना. ती त्याला समजावून सांगायला लागली तसा मी उठून गॅलरीत गेलो. पुण्यात आमच्या गॅलरीसमोर दुसऱ्या कुणाची तरी गॅलरी आहे. तिच्याकडे बघत उभा राहिलो, पण दिसत होती ती उचगावची रविवारची सकाळ आणि लोखंडी खुर्चीत डोळे मिटून बसलेले चौगले डॉक्टर.

डॉ. रंगराव चौगले जनावरांचे डॉक्टर. एका दूध संघात नोकरी, आणि आसपासच्या गावांतल्या गोठ्यांत दिवसभर फेऱ्या. अंगानं दांडगे, मिशी भरदार, हात असे की पहिल्यांदा हात मिळवला तेव्हा माझी बोटं त्यात हरवली. मी शाळेत इतिहास शिकवायचो. मूळचा नाशिककडचा. कोल्हापुरात नोकरी लागली, आणि शहरात परवडेना म्हणून उचगावात घर घेतलं. आमची आणि डॉक्टरांची मधली भिंत एकच होती.

पहिल्याच रविवारी त्या भिंतीनं आमची ओळख करून दिली. सकाळी चहा घेत होतो आणि फळीवरच्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या. मग भिंतीतून घुमघुम आली, आणि त्या घुमघुमीच्या वर कुणीतरी घसा खरवडून ओरडत होतं. बायको म्हणाली, "जाऊन सांगून या, आत्ताच. नंतर सांगायला अवघड जातं."

मी गेलो. दार उघडंच होतं. आत माझ्या कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर, समोर लोखंडी खुर्ची, आणि खुर्चीत बनियन घातलेला हा माणूस. मी काही बोलायच्या आत त्यांनी हातानंच मला थांबवलं, आवाज कमी केला आणि म्हणाले, "पावणं, तक्रार हाय नव्हं? असणारच. भिताडाच्या पल्याड बसून ऐकलं की तक्रारच हुती. आत या. हितं बसा, मधोमध. मग बोला."

मी बसलो. नवीन शेजारी, काय करणार? त्यांच्या बायकोनं, शोभावहिनींनी, न विचारता पोहे आणून दिले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "कुस्ती चाललीया. निकाल लागल्याबिगर उठू देत न्हाईत ते."

कुस्ती म्हणजे अशी. डॉक्टरांचे आवडते दहा अल्बम होते. दहाच, अकरावा नाही. नवा कुठला अल्बम हाती लागला की त्यानं आधी दहाव्याशी लढायचं. रविवारी सकाळी दोन्ही अल्बम पाठोपाठ पूर्ण वाजवायचे. नवा जिंकला तर पुढच्या रविवारी नवव्याशी, मग आठव्याशी. हरला की तिथंच थांबायचं. त्या दिवशी एका नव्या पाहुण्यानं चौथ्या नंबरापर्यंत मजल मारली होती. दोन्ही ऐकून झाल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमचं मत?"

मला दोन्हींतला फरकसुद्धा कळला नव्हता. मी म्हणालो, "दुसरा बरा. लवकर संपला."

मला वाटलं, हसतील नाहीतर रागावतील. ते खरोखर विचारात पडले. "बराबर हाय," म्हणाले. "पयल्याला थांबायचं कवा ते कळत न्हाय. शेवटचं गाणं नुसतं वडलंय." आणि त्यांनी माझ्या शब्दावर चौथा नंबर पाडला. घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "सांगितलंत?" मी म्हणालो, "पुढच्या रविवारीही जायचंय."

मेटल त्यांना भेटलं ते पशुवैद्यकीय कॉलेजच्या हॉस्टेलवर. खोलीतला सोबती शिलाँगचा होता आणि येताना पेटीभर कॅसेट घेऊन आला होता. "आमी गोठ्यातनं गेलतो, त्यो डोंगरातनं आलता," डॉक्टर सांगायचे, "आनि दोघांची भाषा एकमेकाला कळत न्हवती. मग बोलायचं काय? कॅसेट लावायचो." शिक्षण संपताना त्यानं सगळ्या कॅसेटच्या नकला करून दिल्या. त्यांवर नावं लिहायची राहून गेली. गावी आल्यावर डॉक्टरांनी आपली आपण नावं ठेवली. पुढं काळ बदलला, सीडी आल्या, मोबाईल आले, खरी नावं सहज कळली असती आणि त्यांना ती कळलीही होती. पण बारसं झालं ते झालं.

खिलार हा सगळ्यात वेगवान. सुरू झाला की शर्यतीच्या बैलासारखा शेवटपर्यंत चौखूर. शोभावहिनींना तो अजिबात आवडायचा नाही. "नुसतं ऐकून दम लागतोय," म्हणायच्या. गुऱ्हाळ नावाचा एक होता, त्यात एकच सूर गोल गोल फिरत राहायचा आणि हळूहळू आटत जायचा. पन्हाळा नावाचा एक होता. तो कुठल्यातरी बर्फाळ देशातल्या पोरांनी केलेला होता, पण ऐकताना पन्हाळ्याच्या धुक्यात पुढचा माणूस दिसेनासा होतो तसं वाटतं, म्हणून पन्हाळा. आणि पहिल्या नंबरला, मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या सगळ्या वर्षांत कायम, गाभण म्हैस. अतिशय संथ, जड. एकेक ठोका असा की हा पडला, आता पुढचा येतो की नाही अशी शंका यावी. "हिला घाई न्हाय," डॉक्टर म्हणायचे. "दिवस भरलेत. उठंल तवा उठंल."

खालचे नऊ नंबर सतत वरखाली व्हायचे. पहिल्याशी कुस्ती मात्र त्यांनी कधी लावली नाही. दुसऱ्या नंबरला जो येईल त्यानं तिथंच थांबायचं. मी एकदा हे न्यायाचं नाही असं म्हणालो. इतिहासाचा मास्तर, न्यायाचं बोलायची सवय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, काय गोष्टी लढायला न्हाईत." मी पुन्हा विचारलं नाही.

गावात त्यांच्या या नादाची टिंगल व्हायची, पण प्रेमानं. मोटरसायकलवरून जाताना ते टोपीखाली इअरफोन घालायचे आणि पोटातून घुमणारा तो गुरगुराट स्वतःही करायचे. गोठ्यात शिरतानाही तो तोंडात असायचा. बुजरी जनावरं त्या आवाजानं शांत व्हायची हे मी स्वतः पाहिलं आहे. एका मळ्यातली म्हातारी मला विश्वासात घेऊन म्हणाली होती, "डॉक्टर मंतर म्हंत्यात. इंजेक्शन नुसतं नावाला." मी हे त्यांना सांगितलं तर खूष झाले. "सांगू नका तिला," म्हणाले. "तेवढाच आमचा श्रोता हाय."

गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या राहिल्या की मात्र हा माणूस बायकोला घेऊन सरळ पन्हाळ्याला पळायचा. लोक म्हणायचे, दर रविवारी घर हलवणारा डॉक्टर डॉल्बीला भितो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "मोठा आवाज येगळा आनि खोल आवाज येगळा. हिरीत धोंडा टाकून बगा, आनि पत्र्यावर टाकून बगा."

मला ते संगीत कधी कळलं का? खरं सांगायचं तर पूर्ण नाही. पण रविवारी मधोमध बसायला मला आवडायला लागलं. तासभर कुणी काही बोलत नसे. नंतर डॉक्टर एखाद्या ठिकाणाबद्दल सांगायचे: इथं गिटार थांबते आणि नुसती झांज राहते, कशी, संध्याकाळी सगळी गुरं गोठ्यात गेल्यावर एखादीच घंटा वाजत राहते तशी. पुढच्या वेळी मला ते ठिकाण बरोबर ऐकू यायचं. माझ्या आयुष्यात कुणी मला ऐकायला शिकवलं असेल तर याच माणसानं.

मग महापुराचं ते वर्ष आलं. शिरोळ तालुका पाण्याखाली गेला तेव्हा डॉक्टरांची नेमणूक तिकडे झाली. माणसांना बोटीतून काढत होते, जनावरं मागं राहत होती. बरेच दिवस त्यांचा धड फोनही लागला नाही. परत आले तेव्हा गालफडं बसली होती आणि हातांना दोरानं कापल्याच्या खुणा होत्या. शोभावहिनींनी पाणी तापवलं, जेवायला वाढलं. ते जेवले आणि झोपले.

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो. डॉक्टर खुर्चीत बसले होते, पण काही लावलेलं नव्हतं. तिसऱ्या नंबरला तेव्हा एक अल्बम होता, त्याला ते ओढा म्हणायचे. गाणं सुरू व्हायच्या आधी त्यात बराच वेळ नुसतं वाहतं पाणी ऐकू यायचं, आणि त्या पाण्यातून गिटार वर यायची. माझ्या मुलीचा तो फार आवडता. डॉक्टर म्हणाले, "त्यो काढला मी. नंबरातनं काढला."

मी म्हणालो, "कुणाशी हरला?"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "गडबडीत मानसं निघून गेली, सर. जनावरं दाव्यालाच हुती. सुटली न्हाईत. बोटीतनं जाऊन दावी कापली जमंल तेवढी. कापली जमंल तेवढी." मग उठून त्यांनी खिलार लावला, आणि तो संपेपर्यंत मी तिथंच बसलो. ओढा त्यानंतर त्या घरात वाजला नाही. मुलीनं एकदा हट्ट केला तेव्हा शोभावहिनींनीच तिला बाजूला घेऊन सांगितलं की काकांना ते आता सोसत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षा-दोन वर्षांत केव्हातरी झांजेची तक्रार सुरू झाली. डॉक्टर म्हणायला लागले की स्पीकर बिघडलाय, झांज दबकी येते. त्यांनी वायरी बदलल्या. मग दोन्ही स्पीकर रिक्षात घालून शहरात दुरुस्तीला नेले, मीही सोबत होतो. कारागिरानं तपासून सांगितलं, काही झालेलं नाही. डॉक्टर हट्टाला पेटले, म्हणून त्यानं वरचे छोटे स्पीकर नवे घातले. घरी आणून लावले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला झांज स्वच्छ ऐकू येत होती, आधीपेक्षाही टोकदार.

"कशी येती?" त्यांनी विचारलं.

"छान येतेय," मी म्हणालो.

ते नुसतेच स्पीकरच्या जाळीकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण कळल्यावरही माणूस काही दिवस ते बाजूला ठेवतो. दाराची बेल ऐकू येईनाशी झाली तेव्हा बेल जुनी झालीय म्हणाले. शोभावहिनी पुटपुटतात असं म्हणाले. शोभावहिनींचं पुटपुटणं रस्त्यापलीकडे ऐकू जायचं.

हे बाजूला ठेवणं संपलं ते एका वासरामुळे. मळ्यातल्या एका बाईचं वासरू आजारी होतं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, छाती साफ आहे म्हणाले, तापाचं औषध दिलं आणि आले. वासरू दगावलं. बाईनं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. बोलता बोलता इतकंच म्हणाली की छातीत सारखी घरघर होती बिचाऱ्याच्या.

त्या संध्याकाळी ते आमच्या अंगणात येऊन बसले. आमच्याकडे ते क्वचित यायचे. बायकोनं चहा दिला, तो तसाच निवला. "तिला नुसत्या कानानं ऐकू आली, सर," ते म्हणाले. "उभ्या उभ्या ऐकू आली. मला नळी लावून आली न्हाय." मग कप बाजूला सारत, "जनावर बोलत न्हाय. म्हणून तर आमाला ऐकायला ठेवलंय."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी साहेबांना सांगून गोठ्यांच्या फेऱ्या सोडल्या आणि कार्यालयातलं काम मागून घेतलं. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. चौकशी नाही, तक्रार नाही. पण रोज सकाळी मोटरसायकलवर गुरगुरत जाणारा माणूस डबा घेऊन टेबलावर बसायला जायला लागला, आणि माझ्या लक्षात आलं की सकाळी कानांवर पडणारा तो गुरगुराट थांबला आहे.

गावाला मात्र कारण आधीच माहीत होतं. ज्याला त्याला वाटत होतं की हे त्या दणदणाटानं झालं. दूधवाला म्हणाला, किराणा दुकानदार म्हणाला, त्यांचा सख्खा भाऊ फोन करून म्हणाला, तरी सांगत हुतो. डॉक्टर मान खाली घालून ऐकून घ्यायचे. निदान जेवढं ऐकू यायचं तेवढं. त्या दिवसांत रविवारचा आवाज बंद झाला. आमच्या फळीवरच्या बरण्या गप्प बसल्या, आणि बायकोच एकदा म्हणाली, "बरं वाटत नाही हो."

कानाच्या डॉक्टरांकडे शोभावहिनी त्यांना घेऊन गेल्या. मी सोबत गेलो, कारण कानाचे डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐकायला कुणीतरी हवं होतं. तपासणी झाली. कानाची नस हळूहळू निकामी होत चाललीय, असं ते म्हणाले, बारीक आणि उंच आवाज आधी जातात, जाड आवाज उशिरा. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला हा त्रास होता का?

चौगले डॉक्टरांनी प्रश्न ऐकलाच नाही. मी कागदावर लिहून पुढे केला. तो वाचून त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"आमची अव्वा," ते म्हणाले. "तिला कायच ऐकू यायचं न्हाय."

कानाच्या डॉक्टरांनी मान डोलावली. हे बहुतेक आईकडूनच आलेलं असावं, मोठ्या आवाजानं थोडी भर पडली असेल, पण मूळ तिथलं.

बाहेर आल्यावर एका रसवंतीवर बसलो तेव्हा चौगले डॉक्टर आपण होऊन बोलायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी आईबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. आई सीमेपलीकडची, कानडी घरातली, म्हणून अव्वा. लग्न होऊन आली तेव्हाच कमी ऐकायची, पुढं पूर्णच गेलं. घरातली सगळी माणसं तिच्याशी ओरडून बोलायची आणि ओरडायचा कंटाळा आला की बोलायचीच नाहीत. हॉस्टेलवरून सुट्टीला येताना ते सोबत्याच्या त्या कॅसेट मागून आणायचे आणि माडीवर टेपवर लावायचे. वडील चिडायचे, शेजारी चिडायचे.

"एकदा गाभण म्हैस लावलीवती," ते म्हणाले. "तवा तिला नावबी न्हवतं. मागं बगतो तर अव्वा आली जिना चढून. तांदूळ निवडत हुती, सूप हातात तसंच. आली आनि टेपच्या फळीला पाठ लावून बसली. डोळं मिटलं. कॅसेट संपली तशी म्हणाली, हे काय हाय रे, अंगातनं जातंय."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मग मी सगळ्या लावून बगितल्या तिच्यासाठी. खिलार लावला, उठून गेली. गुऱ्हाळ लावलं, बसली जरा येळ. म्हैस लावली की हातातलं काम टाकून यायची. नंबर तिनं लावलेत, सर. मी नुसतं सांभाळलं."

शोभावहिनींनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि मोठ्यानं, रसवंतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "हे मला कदी सांगितलं न्हाईसा."

"तू विचारलं न्हाईस," ते म्हणाले.

"कुस्ती कोन जिंकलं हे विचारत हुते की दर रविवारी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्यानंतरच्या रविवारी भिंत पुन्हा घुमली. पण आता नंबर भराभर बदलायला लागले. खिलार घसरला, त्याची सगळी गंमत टोकदार आवाजांत होती आणि ते आता डॉक्टरांपर्यंत पोचत नव्हते. पन्हाळा पार खाली गेला. "धुकं लई झालं," एवढंच म्हणाले. जड, संथ अल्बम वर सरकले. कानात यंत्र घालून पाहिलं, पण त्यातून संगीत पत्र्याच्या डब्यातल्यासारखं येतं म्हणून ऐकताना ते काढून ठेवायचे. दहाचे हळूहळू सहा-सात राहिले. नवा पाहुणा आणायचं त्यांनी सोडून दिलं होतं. अधू कानाला नवीन गाणं कळत नाही, म्हणायचे. जुनं निम्मं आठवणीनं भरून काढता येतं.

मी निवृत्त झालो. मुलगी पुण्यात, तिला बाळ व्हायचं होतं, आणि बायकोनं पुण्याला जायचं ठरवलं. माझी इच्छा कुणी विचारली नाही आणि मीही सांगितली नाही. सामान बांधायच्या आधीच्या रविवारी मी शेवटचा त्या खोलीत गेलो. डॉक्टरांनी मला मधोमध बसवलं आणि स्वतः बाजूला बसले. हे पहिल्यांदाच. मग काहीतरी लावलं.

मला आधी पाणी ऐकू आलं. वाहतं पाणी, दगडांवरून जाणारं. मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी तो अल्बम ऐकला नव्हता.

ते माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते. "पानी हाय का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवून हो म्हटलं.

"लई येळ हाय?"

पुन्हा हो म्हटलं.

"मला न्हाय ऐकू येत," ते म्हणाले. "कायच न्हाय. एकदम गिटारच येती." ते बोलत होते तेव्हा गिटार वर आली, आणि त्यांनी तर्जनी उचलली, ही बघा, अशी. "म्हणून लावतो आता. पोरीला आवडायचा. तिला सांगा, ओढा परत घेतला म्हणावं."

आम्ही तो शेवटपर्यंत ऐकला. मी पाण्यासकट आणि त्यांनी पाण्याविना. निघताना मी काहीतरी बोलायला गेलो, पण त्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्यानं ते बोलवेना. मी त्यांचा हात धरला. माझी बोटं पुन्हा त्यात हरवली. शोभावहिनींनी बायकोला चटणीचा डबा दिला आणि म्हणाल्या, "येत जावा. न्हाईतर ह्यांच्या कुस्तीला पंच कोण?"

पुण्याला आल्यावर डॉक्टरांशी फोनवर सरळ बोलायची सोय नव्हती. मी फोन केला की शोभावहिनी घ्यायच्या आणि इकडचं तिकडे ओरडून सांगायच्या. त्यांचं "सर इचारत्यात, कसं हाय" एवढं मला कळायचं, आणि मग लांबून डॉक्टरांचं "बरं हाय म्हण." दोन मित्रांचं बोलणं असं तिसऱ्याच्या गळ्यातून किती दिवस चालणार? हळूहळू फोन सणावारी उरले.

गेल्या हिवाळ्यात शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो. सकाळी जाऊन लगेच परत यायचं होतं, उचगावला जायला वेळच काढता आला नाही. परतीची बस हायवेला लागायच्या आधी उचगावच्या फाट्यावर गर्दीत अडकली. मी खिडकीशी होतो. काचा बंद, एसी चालू. बाहेर भाजीवाल्यांच्या रांगेत एका गाड्याशेजारी चौगले डॉक्टर उभे होते.

बारीक झाले होते. मिशी पांढरी. हातात रिकामी पिशवी. भाजीवाला त्यांना काहीतरी विचारत होता, दोनदा विचारलं, त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले होते, कानात काही नव्हतं, ना इअरफोन ना यंत्र, आणि मान हलत होती. सावकाश, खाली, आणि पुन्हा वर. मी काचेवर बोटं वाजवली. मग माझं मलाच हसू आलं आणि बोटं थांबवली.

पलीकडच्या गाड्यावरून शोभावहिनी आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत मेथीच्या जुड्या होत्या, भरायला पिशवी हवी होती. पिशवी नवऱ्याच्या हातात होती. त्यांनी तोंड उघडलं, हाक मारण्यासाठी असावं. मग त्यांनी नवऱ्याच्या हलत्या मानेकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. भाजीवाल्याला मानेनंच थांब म्हणाल्या, आणि मेथी छातीशी धरून नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

गर्दी सुटली. बस हलली. मी मान वळवून दिसेपर्यंत बघत होतो, त्या अजून तशाच उभ्या होत्या, डॉक्टरांचं गाणं संपायची वाट बघत.